क्लिंटनं भरलेलं मॅगझिन

आयडाहोतल्या गोळीबाराच्या सरावाच्या मैदानावर हॉलिस रांगेत उभा होता. पुढे एक जोडपं होतं. बाईच्या हातात रायफलचं प्लास्टिकचं मॅगझिन होतं, गोळ्यांनी भरलेलं.

"नऊ वर्षं भरून ठेवलंयस, डार्ला. आतली स्प्रिंग मेली असेल, तोंडाच्या कडा फाकल्या असतील," नवरा तिला म्हणाला.

"क्लिंट म्हणायचा, याला काही होत नाही."

"क्लिंटला जाऊनही तेवढीच वर्षं झाली."

"म्हणूनच ठेवलंय. त्यानं स्वतःच्या हातानं भरलं होतं."

"आणि तू ते आपल्या पलंगाशेजारच्या खणात ठेवतेस."

"तिथे ते तुझ्या आधीपासून आहे, ऑरिन."

"तेच म्हणतोय मी. आज झाडून बघू. अडकलं तर कचऱ्यात."

"आणि नाही अडकलं तर?"

तेवढ्यात त्यांचा नंबर लागला. हॉलिसला शेजारचीच जागा मिळाली. ऑरिननं एकूण एक गोळी झाडली आणि सगळ्यांनी कानांवरचे आवाजरोधक उतरवले.

"एकही अडकली नाही," डार्ला म्हणाली.

"दिसलं मला."

"तुझं नवं कोरं परवा अडकलं होतं."

"तेही आठवतंय. पण आता यात त्याचं काही उरलं नाही. आण, मी भरून देतो."

"राहू दे," गोळ्यांचा डबा जवळ ओढत ती म्हणाली. "मला येतं. त्यानंच शिकवलंय."