चौदा मानकरी आणि सोळावा मी

...आणि वर सासरचे मलाच विचारतात, आधी कोण आलं ते सांग! आता काय सांगू, सगळे एकदमच आले ना... तुम्हाला सांगतो, इथे घानात, कुमासीत वेबसाइट बनवून पोट भरणाऱ्यानं बायकोच्या माहेरचं काम घेऊ नये. आजेसासूबाई गेल्या, शनिवारी दफन, आणि मी हौसेनं निमंत्रणाचं पान केलं. घरातले चौदा मानकरी, मानाप्रमाणे एकेकाचा फोटो सरकत येणार, शेवटी आजी. पण फोटो हलवणारं ते जावास्क्रिप्ट! एक हुकूम सोडला की तो पुरा होतोय का बघतच नाही, लगेच पुढचा. सगळे फोटो धक्काबुक्की करत आत. बायको, अडवोआ, म्हणाली, "अरे, आधी एकाचं होऊ दे, मग दुसरा!"

मग मी घड्याळ लावलं. दर सेकंदाला एक फोटो. माझ्या फोनवर झकास. पण घराण्याचे प्रमुख, मानानं पहिले डुआमामा, आजीचे धाकटे भाऊ, त्यांचा फोन जुनाट, आणि त्यांचा फोटो स्टुडिओतला, मानाच्या छत्री-खुर्चीसकट, केवढा जड... बाकीच्यांचेही तसेच. ते उघडेपर्यंत चौदाव्या नंबरचा भाचा, त्याचा फोटो हलका, काळा चष्मा लावून पहिला हजर. मामांचा फोन आला. अगदी थंड आवाज. "जावईबापू, मी येत नाही. त्या चष्मेवाल्यालाच मोठेपण द्या." आता मामा नाहीत तर दफन नाही, आजी तशीच शवागारात. सासूबाई रडायला लागल्या.

बसलो. घड्याळ काढून टाकलं. प्रत्येक फोटोला बजावलं, बाबा रे, तुझ्या आधीच्याचं झालं असा निरोप येईपर्यंत जागचा हलू नकोस. आधी एकाचं होऊ दे...

तडक मामांकडे गेलो, त्यांच्याच फोनवर दाखवलं. मामा आले, ऐसपैस बसले, मग दुसरे, मग तिसरे... मामा मान डोलवतायत. चष्मेवाला चौदावा. मग आजी.

"अक्का शेवटी?"

मी हळूच मान हलवली.

"बरोबर आहे," मामा म्हणाले. "आम्हा सगळ्यांना फुफू वाढायची, आणि मग पातेल्यात उरलंसुरलं खायची." डोळे पुसले. "ह्या वेळी तिला पहिली घे. आम्ही थांबतो."

कोडमधली आजीची एक ओळ वर नेली, बास! काय हलकं वाटलं म्हणून सांगू... शनिवारी मामा सगळ्यांच्या आधी हजर, आणि आजी मानानं गेली.

माझा फोटो? आहे की. मामांनीच घालायला लावला, सोळावा. आजी, मग चौदा मानकरी, प्रत्येकजण सावकाश... अजून पान बघणारं कोणी तिथवर पोचलेलं नाही. जाऊ दे. आधी त्यांचं होऊ दे.