गाडी थांबली पाहिजे

...आणि वर तो बसथांब्यावरचा खांब म्हणतो काय, "आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत!" अरे, कसलं सहकार्य? कुणी केलं? मी? तुम्हाला सांगतो, मी कमी बोलणारा माणूस. उभा जन्म बस चालवली, पण "पुढे सरका" आणि "दार सोडा" यापलीकडे प्रवाशांशी बोललो नाही. शाळेत फार गेलो नाही, पण रस्ता वाचता येतो मला. म्हणून थोडक्यात सांगतो. माझं म्हणणं एवढंच, गाडी थांबली पाहिजे. बास!

आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबा आहे. म्हणजे... होता. तिथून आमची ही दर आठवड्याला थोरल्या बहिणीकडे जाते. जायची! बघा, परत चुकलो. ती बहीण सगळं विसरलीय. नवरा विसरली, पोरं विसरली, आत्ता जेवली तेही विसरते. पण हिनं मागे बसून केसांत कंगवा घातला की डोळे मिटते आणि हिला लहानपणच्या नावानं हाक मारते. तेवढंच. तेवढ्यासाठी ही जाते. आणि हिचे गुडघे असे, की पुढचा थांबा आहे चढावर, तिथवर जायचं म्हणजे... तुमच्यापैकी कुणाचे गुडघे गेलेत? मग सांगायला नको.

तर सरकारनं बसमधला ड्रायव्हर काढला. ड्रायव्हर काय, सीटच काढली हो! माझ्या जागी आता नुसती काच. आम्ही ड्रायव्हर लोक समोरासमोर आलो की स्टिअरिंगवरून बोट उचलायचो, म्हणजे रामराम. मी रस्त्यात उभा राहून अजून उचलतो. कोण बघतंय?

मग आला कायदा. शेजारचे वकीलसाहेब शिंप्याच्या दुकानात बसून नाकात समजावतात, "काका, आता थांबा कुठं ठेवायचा ते माणूस ठरवणार नाही. खांबावरचा कॅमेरा गरज बघणार. गरज नाही, थांबा नाही. वशिला बंद!"

शिंपी मशीन थांबवून म्हणाला, "आणि त्याचं चुकलं तर धरायचं कुणाला?"

"तिथं कायदा अजून गप्प आहे. उद्या बघा, सरकारसुद्धा असंच चालेल. खुर्चीत कुणीच नसेल."

"आत्ता तरी कोण असतं?" शिंपी म्हणाला आणि परत टीप मारायला लागला.

मी एकच विचारलं, "साहेब, ब्रेक कुणाच्या पायाखाली?" वकीलसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "काका, तुमचा प्रश्न मूलभूत आहे." म्हणजे उत्तर नाही!

आणि एक दिवस आमचा खांब बोलला, "या थांब्याची पाहणी सुरू आहे." म्हटलं, कॅमेऱ्याला माणसं हवीत ना? देऊ माणसं! अख्खी गल्ली बाहेर काढली. शिंपी गळ्यात टेप घालून, वकीलसाहेब फाइल घेऊन, इस्त्रीवाला, त्याची आई, त्याची बायको. त्या दोघी एकमेकींशी बोलत नाहीत, पण थांब्यासाठी खांद्याला खांदा लावून उभ्या! मी स्वतः रांग लावली. अट एकच घातली, चढायचं नाही. बिनड्रायव्हरच्या गाडीत माझ्या गल्लीतला माणूस पाय ठेवणार नाही. तत्त्व आहे!

ही म्हणाली, "अहो, मी तरी जाते की. ताई वाट बघत असेल."

म्हटलं, "तिला वार तरी कळतो का? एक आठवडा कळ काढ, कायमचा थांबा मिळवून देतो." हिनं पिशवीतला कंगवा काढून परत फळीवर ठेवला. ते बघून मला... असो.

गाडी यायची, दार उघडायची, "कृपया आत या." आम्ही शिपायासारखे उभे! दार बंद, गाडी चालती. आम्ही टाळ्या वाजवायचो. आठवडाभर हे चाललं. असा थांबा बघितलाय कुणी?

आठवड्यानं खांब बोलला. "या ठिकाणी पुष्कळ लोक जमतात, मात्र कुणीही प्रवास करत नाही. त्यामुळे हा थांबा नसून जमाव आहे. थांबा रद्द करण्यात येत आहे. जमावास बंदी आहे. आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत." जमाव! आणि दुसऱ्या दिवशी बाकसुद्धा उचलून नेलं!

गेलो कचेरीत. खोलीत टेबलं आहेत, खुर्च्या आहेत, माणूस नाही. भिंतीवर पडदा. तो म्हणतो, "आपली तक्रार सांगा." म्हटलं, गाडी थांबली पाहिजे. "आपल्या ठिकाणी थांबा नाही. थांबा असल्यास थांब्याबाबत तक्रार करता येईल." अरे, असता तर मी इथं कशाला आलो असतो? "तुमच्या साहेबांना बोलवा!" म्हणून ओरडलो. पडदा म्हणाला, "मीच." तुम्हाला सांगतो, राग आला, पण उत्तर आवडलं. माझ्यासारखाच, कमी बोलतो.

मग वकीलसाहेबांना कलम सापडलं. "काका, माणूस आडवा आला तर गाडीला थांबावंच लागतं. इथं कायदा एकदम ठाम आहे!" मग? आधी नाही का सांगायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी हिला कडेला उभी केली. हिच्या पिशवीत कंगवा. गाडी दिसली तसा मी रस्त्याच्या मधोमध गेलो, छाती काढली, हात वर केला. आणि थांबली! माझ्यापासून वीतभर अंतरावर, मी थांबवायचो तशी, जरासुद्धा हिसका न देता! म्हटलं, "चढ लवकर!" ही दारापाशी गेली.

दार उघडेना.

"येथे थांबा नाही. कृपया अडथळा दूर करा. प्रवाशांना उशीर होत आहे."

प्रवासी? मी काचेतून आत बघितलं. चिटपाखरू नाही! सगळ्या सीट रिकाम्या आणि उशीर होतोय! "दार उघड," म्हटलं, "म्हातारीला जायचंय!" दार ठोकलं, काच ठोकली. "कृपया अडथळा दूर करा." मी हटेना, ती हटेना. किती वेळ तसे उभे होतो कुणास ठाऊक.

शेवटी ही आली, माझी बाही धरली. म्हणाली, "अहो, व्हा बाजूला. ताईच्या दारावरून जाते ती. ती तरी पोचू दे."

झालो बाजूला. काय करता? माझं म्हणणं काय होतं, गाडी थांबली पाहिजे. थांबली की! आता तक्रार तरी कसली करू?