शुक्रवारीही न थांबलेली लूम

आपल्या दवाखाना मंडळाचे सन्माननीय अध्यक्ष दाजीशेठ भोईर, व्यासपीठावरचे विश्वस्त आणि डॉक्टरसाहेब, ज्यांच्या सत्कारासाठी आपण आज जमलो त्या कलावती सिस्टर, टेमघरची वडीलधारी मंडळी, आयाबहिणी आणि शिफ्ट सोडून आलेले माझे लूमवरचे सोबती, सर्वांना हात जोडून नमस्कार.

मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. दोनाचे जास्त होतील, हे आधीच सांगून ठेवतो.

मी काळूराम भोईर. अंजूरच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलो. आज एकोणपन्नासावं चालू आहे आणि वीस वर्षं जॉबर आहे. पाहुण्यांसाठी सांगतो, जॉबर म्हणजे बिघडलेली लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करणारा. चांगला जॉबर आधी हात लावत नाही, कान लावतो. चाळीस लूम एकदम खडखडत असताना आठव्या लूमचा आडवा धागा नेणारा धोटा नीट जात नाही, हे मला दारातून कळतं. त्याचा मला फार गर्व होता. तो उतरवला माझ्या तेव्हा नऊ वर्षांच्या मुलीने आणि या सिस्टरने.

आत्ता मानपत्र वाचलं गेलं. अक्षर सुंदर, मजकूर सुंदर. त्यात एक वाक्य आहे, 'सिस्टरांनी सतत वरिष्ठांच्या आज्ञेत राहून सेवा केली.' मंडळी, हे खरं नाही. आज्ञेत राहिल्या असत्या, तर माझी मुलगी आज तिसऱ्या रांगेत बसलेली दिसली नसती.

शहाऐंशी सालची गोष्ट. माझी बकुळा म्हणायची, "बाबा, माझ्या डोक्यात लूम चालते." मी हसायचो. "अगं, भिवंडीत कुणाच्या डोक्यात चालत नाही? माझ्या तर चाळीस चालतात." तुम्हीही हेच म्हणाला असता. आपल्या भिंती हलतात, ताटातलं वरण हलतं. पोरीच्या डोक्यात आवाज आहे याचं आपल्याला काय नवल? डोकं दुखायचं, तेव्हा डॉक्टरांनी चष्म्याचा नंबर काढायला सांगितलं. काढला. गावदेवीला नारळ ठेवला. दुखणं तसंच.

मग एका शुक्रवारी, आठवड्याच्या सुट्टीला, लाइट बंद, सगळे कारखाने गप्प, पोरीने जेवता जेवता विचारलं, "बाबा, आज सुट्टी ना? मग माझी लूम का चालू?"

माझा घास हातातच राहिला. तरी मी काय केलं? "जेव गप," म्हणालो. पार्वती, तिची आई, मात्र ताटावरून उठली आणि पोरीला घेऊन दवाखान्यात गेली.

आपला दवाखाना दोन कारखान्यांच्या मधे. एरवी तिथे नळी लावून छातीचे ठोकेसुद्धा धड ऐकू येत नाहीत. पण त्या दिवशी शांतता होती. डॉक्टर शुक्रवारी येत नसत. सिस्टर होत्या. त्यांनी बकुळाचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं आणि नळी छातीला नाही, कानामागे लावली. बराच वेळ ऐकलं. मग मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलच्या नावाने स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहिली. पार्वतीला म्हणाल्या, "ताई, पुढच्या शुक्रवारची वाट बघू नका."

आता पुढचंही सांगतो. आमच्या घरी माणसं जमली. "सिस्टरने चिठ्ठी लिहायची? डॉक्टर मेलेत का?" "त्या बाईने आपल्याला शिकवायचं?" माझ्या पोरीला काही भयंकर आहे असं जो सांगेल, तो मला शत्रू वाटत होता. सिस्टर अधिकार नसताना लोकांना उगाच घाबरवतात, असा तक्रार अर्ज लिहिला गेला. सांगितला कुणी, ते राहू द्या. ते आज उंच खुर्चीवर बसले आहेत. पण सही माझी. काळूराम राघो भोईर. त्या सहीवर सिस्टरांना लेखी समज मिळाली आणि ती त्यांच्या नोंदीत आजही आहे.

समज मिळाल्यावर माणूस काय करतो? आपल्यापुरतं बघतो. या बाई पुढच्या शुक्रवारी माझ्या दारात! मी म्हणालो, "आता काय राह्यलं?" त्या म्हणाल्या, "जॉबरदादा, लूमचा आवाज ऐकून बिघाड ओळखता ना? मग ऐका." आणि नळीची टोकं माझ्या कानात घातली.

मी ऐकलं. सूं... सूं... सूं. पोरीच्या मनगटावर बोट ठेवलं तर नाडीशी जुळत होतं. खडखड नव्हती. तोवरच्या दहा वर्षांत असला आवाज करणारी लूम मी पाहिली नव्हती. ते माझ्या मुलीचं रक्त वाट सोडून धावत होतं.

मुंबईच्या डॉक्टरांनी रंग घालून फोटो काढले. मेंदूच्या शिरेत जन्मापासून गुंता होता. धमनीचं रक्त बारीक वाटांनी न जाता थेट शिरेत उसळत होतं. फुटलं तर पोरगी हातची जाणार. ऑपरेशनमध्येही जाऊ शकते. आमचे लोक म्हणाले, "देवाची मर्जी. पोरीची जात, कशाला चिरता?" मी रोज देवापुढे दिवा लावणारा माणूस आहे, म्हणूनच बोलतो. हातपाय गाळून बसायचं आणि त्याला देवाचं नाव द्यायचं, ही भक्ती नव्हे. देवाने कान दिले, ऐकायचं काम माणसाचं.

संमतीच्या कागदावर माझा हात चालेना. मागची सही आठवत होती. पार्वती म्हणाली, "सरा बाजूला. तुमची सही नको, माझा आंगठा हाय." तिने आंगठा उठवला.

ऑपरेशन अकरा तास चाललं. दुसऱ्या दिवशी पोरीने डोळे उघडले. म्हणाली, "बाबा, माझ्या लूमला सुट्टी दिली?"

डाव्या हाताची दोन बोटं अजून नीट मिटत नाहीत. बाकी बकुळा तुमच्यासमोर आहे.

मघाशी पायऱ्या चढताना दाजीशेठांनी माझा दंड धरला. चुलतभाऊ आहेत, काळजीने बोलले. "काळूराम, पोरीचं जमवायचं हाय. डोक्याचं काय बोलू नको. शाल घाल न उतर खाली." दाजीशेठ, आज सकाळी तिच्या आईने तिचे केस कानावर ओढले होते. पोरीने ते सोडवले आणि वेणी वर बांधली. कानामागची खूण साऱ्या सभागृहाला दिसते आहे. तिला लपवायचं नाही, तर मी का लपवू? ज्या घराला ती खूण चालत नसेल, त्या घराने आमच्या दारात येऊच नये.

शाल मी घालणारच आहे. पण तिच्याबरोबर हा कागद आणला आहे. दहा वर्षांपूर्वीचा माझा अर्ज खोटा होता, तो मी मागे घेतो, सिस्टरांच्या नोंदीतली समज काढून टाकावी, असं लिहिलं आहे. खाली तीच सही आहे. शेजारी पार्वतीचा आंगठा.

मंडळाने मला बोलू दिलं, तुम्ही शांतपणे ऐकलं, आभारी आहे. सिस्टर, तुमचे आभार मानण्याइतका माझा शब्द मोठा नाही. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर खेड्यातल्या शाळेचा माणूस म्हणून पदरात घ्या. खरं बोललो त्याची मात्र माफी मागत नाही.

दाजीशेठ, हा अर्ज. आणि ही दुसरी प्रत, पोच देण्यासाठी. सही करा. तोवर मी माईक सोडत नाही.