पाण्याचा वास घेणारी

साहेब : बाई, मघापासून तेच सांगतोय. आम्हाला पाणी तपासणारा माणूस हवाय, प्रयोगशाळेत दोन वर्षं काम केलेला. तुम्ही वीस वर्षं सुकी मासळी विकलीत.

बाई : विकली. बाजार उठला, चार महिने हाताला काम नाही. म्हणून तर तिसऱ्यांदा आलेय.

साहेब : तिसऱ्यांदा आलात म्हणून अनुभव वाढत नाही. आणि राग मानू नका, पण तुम्ही आत आल्यापासून खोलीत वास सुटलाय. शी!

बाई : दोनदा साबण लावून आंघोळ केलीय. वीस वर्षांचा वास चार महिन्यांत कसा जाईल? पण काम काय आहे ते तरी सांगा.

साहेब : वस्त्यांमधल्या नळांचं पाणी रोज सकाळी बाटल्यांतून येतं. त्याचा रंग बघायचा, वास घ्यायचा, नोंदवहीत लिहायचं.

बाई : म्हणजे नाकाचंच काम की! पोतं न उघडता सांगायचे मी, कुठलं नासलंय ते.

साहेब : तुमचं नाक त्या पोत्यांतच मेलं असणार. नाना, यांना दार दाखवा.

बाई : आजच्या बाटल्या त्या टेबलावर आहेत ना? एकदा हुंगू द्या. चुकले तर पुन्हा तोंड दाखवणार नाही.

कारकून : साहेब, कशाला नसती कटकट...

साहेब : हुंगू द्या हो, नाना. एकदाची ब्याद टळेल.

बाई : ही पहिली. ही दुसरी. आणि ही... साहेब, तिन्हींत एकच पाणी आहे.

साहेब : झालं! चिठ्ठ्या वाचा जरा. टेकडी, पेठ, विणकर गल्ली. गावाची तीन टोकं आहेत ती.

बाई : विणकर गल्लीत मी राहते. आमच्या नळाला गंजाचा वास येतो, पांढरे कपडे पिवळे पडतात. हे ते पाणी नाही. ह्यात काहीतरी मेलंय. उंदीर, नाहीतर पाखरू.

साहेब : काय घाणेरडं बोलता! वहीत स्वच्छ लिहिलंय, 'गंध नाही'.

बाई : कुणी लिहिलंय? भाऊ, तुम्ही का खाली बघताय?

कारकून : साहेब, बाटल्या माझा मेहुणा आणतो...

साहेब : अकरा वर्षांचा अनुभव आहे त्याला.

कारकून : गुडघे गेलेत त्याचे. दोन वर्षं तो कुठं फिरतच नाही. सगळ्या बाटल्या आपल्याच नळाखाली भरतो. आणि 'गंध नाही' मी महिनाअखेरपर्यंत आधीच लिहून ठेवतो.

साहेब : आपला नळ? गच्चीवरच्या टाकीचा? जा, बघून या आधी!

(कारकून गच्चीवर जाऊन येतो.)

कारकून : कबुतर आहे. झाकण सरकलंय. बऱ्याच दिवसांचं असावं, पिसं सुटून पाण्यावर तरंगतायत.

साहेब : सकाळपासून तीन कप चहा झालाय माझा! थू! ओकारी येतेय मला.

बाई : तुम्ही निदान उकळलेलं तरी प्यालात. आमच्या गल्लीतली पोरं नळाला तोंड लावून पितात. जुलाबांनी घरं बेजार झालीत, आणि तुमच्या वहीत गंध नाही! किळस येते मला तुमच्या ह्या अनुभवाची.

साहेब : बाई, जरा हळू. आजचं एवढं पोटात ठेवा. तुमच्यासाठी मी दुसरीकडे शब्द टाकतो.

बाई : पोटात ठेवण्यासारखं आहे का ते? द्या ती वही इकडे.

कारकून : अहो, शाईनं काय लिहिताय?

बाई : 'तिन्ही बाटल्या कचेरीच्या टाकीतल्या. मेलेल्या पाखराचा वास. वस्त्यांचं पाणी तपासलेलं नाही.' आणि ही माझी सही.

साहेब : पानांवर आकडे छापलेत, फाडायचीही सोय नाही! वरून विचारलं तर काय सांगू? बाहेरच्या बाईच्या हातात वही दिली म्हणून?

बाई : बाहेरची कशाला? मी तर चार महिन्यांपासून आत यायलाच बघतेय.

कारकून : साहेब, सहीखाली हुद्दा लिहावा लागतो. काय लिहू?

साहेब : जी जागा रिकामी आहे, ती लिहा. आणि आधी तो नळ बंद करा.