खांदमळणीचं विमान

मी कौसाबाई. टेंभुर्णीच्या अलीकडं आमच्या बापाचा वाडा व्हता, म्हंजे मेंढरांचा, माणसांचा न्हाई, माणसांना घर म्हणावं आसं काय नव्हतंच, दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघायचं आन् पाऊस लागला की परत यायचं, माझा जन्मबी वाटंवरच झालेला, कोणत्या शिवारात ते आईलाबी धड सांगता येत नव्हतं. आसं मेंढरामागं हिंडलेलं माणूस मी, आन् लोकं मला म्हणतेत काय, तर विमानवाली बाई. जाफराबादच्या बाजारात गेले तरी तेच, परतूरला भाचीच्या लग्नाला गेल्ते तर बाया नवरी सोडून मला बघायला आल्या. काय सांगू तुम्हाला, आसा राग येतो ना, वाटतं त्या विमानाचं नाव घेणाऱ्याच्या तोंडात माती कोंबावी. पण तुम्ही एवढ्या लांबून आलात, बसा, आधी च्या घ्या.

माझं लगीन झालं तवा मालकाकडंबी मेंढरंच व्हती, पण मालकाला मशिनीचं येड. मेंढरं इकली, जुनं ट्रॅक्टर घेतलं, ते इकून जुना जेसीबी घेतला, मंग दुसरा. त्यांची एक रीत व्हती बघा, नवी मशीन कधी घ्यायची न्हाई. दुसऱ्यानं टाकून दिलेली घ्यायची, जालन्याला नेऊन खोलायची, वेल्डिंग मारायचं, भंगारातून पार्ट हुडकायचा, रंग द्यायचा आन् कामाला जुपायची. रस्त्याचं काम जोरात चालू व्हतं, आमच्या जेसीबीनं लई माती उपसली, पक्कं घर झालं, मी खोटं कामून बोलू. मंग कुठंतरी परराज्यात एक कंपनी बुडाली आन् तिचं विमान लिलावात निघालं. आमचे हे नुसतं बघायला म्हणून गेल्ते. तिथून फोन, कौसे, नव्या जेसीबीच्या भावात विमान मिळून राह्यलंय, इलेक्शनला पुढाऱ्यांना भाड्यानं देऊ, इथली लोकं येडी हायेत. मी म्हणलं, येडं कोण हाये ते कळंलच.

टर्बोप्रॉप म्हणतेत त्याला. आतून इंजिन जेटचं आन् पुढं पंखा फिरणारा, दोन बाजूला दोन. जालन्याजवळच्या धावपट्टीवर ते उतरलं तवा आख्खं गाव जीपा भरभरून आल्तं, मामंजींनी, म्हंजे माझ्या सासऱ्यांनी, डोक्याचा पटका काढून त्याचं तोंड पुसलं, मी ओवाळलं. तेवढाच एक दिवस आनंदाचा. त्यापुढं नुसता ताप.

आता बघा, बैल बसून राह्यला तर ताजा व्हतो. जेसीबी उभा राह्यला तर गंज चढतो, पण घासून काढता येतो. हे मेलं उभ्या उभ्या म्हातारं व्हतंय. त्यातल्या एकेका नळीला, एकेका रबराला तारीख हाये, उडा नाहीतर उडू नका, तारीख आली की ते बाद. चांगली नळी हो, कुठं चीर न्हाई, भेग न्हाई, इंजिनेर म्हणतो काढा. काढली. नवी परदेशातून येणार, ती येऊस्तोर उभं. ती आली तवर दुसऱ्या कशाची तारीख. साळुंक्यांनी इंजिनाच्या तोंडात घरटं केलं, उभं. उंदरांनी वायर कुरतडली, उभं. एकदा दाराचं रबर फाटलं तर आमच्या ह्यांनी सवयीपरमाणं जालन्यातून ट्रकाच्या दाराचं रबर आणून बसवलं, बराबर बसलं व्हतं, हे खूष, इंजिनेर आला, त्यानं ते दोन बोटांनी उपटून काढलं आन् म्हणला, याला पाना लावायचा हक्क तुम्हाला न्हाई, सही माझी लागती. मालक आमचे, आन् पाना लावायचा हक्क न्हाई. त्या दिवशी हे जेवले न्हाईत. मला राग आला तो इंजिनेरचा न्हाई, तो त्याच्या जागी बराबर व्हता, मला ह्यांचाच राग आला. म्हणलं, सगळ्या जगाला वेल्डिंग मारता येत न्हाई, हे तुमच्या आधी मला कळलं.

पुढारीबी तसलेच. फोन करायचे, विमान तयार ठेवा. तयार ठेवायचं, पायलट हैदराबादहून बोलवायचा, आन् आयत्या वेळी निरोप, साहेब मोटारीनं गेले. एक जण तर आत बसून खाली उतरला, म्हणला, याचा आवाजच जुना येऊन राह्यलाय. एक जेसीबी इकला याच्या खर्च्यापायी. मंग एक दिवस कामावरच ह्यांच्या छातीत कळ आली आन् हे गेले. मी रडलेबी न्हाई पहिल्यांदा, खरं सांगते, मी फोटोकडं बघून म्हणलं, तुम्ही सुटलात, मला त्याच्या दावणीला बांधून गेलात.

आता घरात मी आन् मामंजी. पोरीचं लगीन झालेलं, ती नाशिकला. उरलेला जेसीबी मी चालता ठेवला, डायवर ठेवला, हिशेब मी बघते. आन् मनात एकच, हे विमान जल्दी जाऊ दे. दीड-दोन वर्सं गिऱ्हाईक हुडकलं. शेवटी दक्षिणेतला एक जण तयार झाला. त्याची बोली एकच, इंजिनेरनं तपासून सही द्यायची, माझा पायलट उडवून घेऊन जाईल. मी होतं नव्हतं ते लावलं, सगळ्या नळ्या, सगळी रबरं, इंजिनेरनं दोन्ही इंजिनं चालवून पाह्यली, म्हणला बिलकुल ठीक हाये, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येतो, शेवटचं बघतो, सही देतो. म्हणलं सुटले बाई मी.

आता एक सांगते, न्हाईतर पुढचं कळायचं न्हाई. विमान उभं आसलं की त्याचे पंखे पट्ट्यानं आवळून बांधायचे आसतेत. इंजिन बंद आसलं की आत आईल फिरत न्हाई, आन् वाऱ्यानं पंखा फिरला की आतली बेरिंग कोरडीच घासती. इंजिनेरनं हे सगळ्यांना सांगितलेलं, वॉचमनला सांगितलेलं, मला तर दहादा. मामंजींना कुणी सांगितलं? कुणीच न्हाई. ऐंशीच्या पुढचं म्हातारं, त्यांना कोण सांगंल. त्यांच्या नजरंला ते दावं व्हतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी, बैलाचे खांदे तूप-हळदीनं चोळायचे. आमच्याकडं बैल आता न्हाईत, पण म्हाताऱ्याला चैन पडंना. मला म्हणले, सूनबाई, वाटीत तूप-हळद कालवून दे. मला वाटलं शेजाऱ्याच्या बैलाला लावायला चालले. मी पुरणाची डाळ निवडत व्हते, दिली. आन् म्हातारं जीप पकडून थेट धावपट्टीवर. वॉचमन आमच्याच गावचा, त्यानं फाटक उघडलं, वरून शिडीबी धरली. मामंजींनी पंख जिथं अंगाला जुडतेत ना, तिथं दोन्हीकडं तूप-हळद चोळली, म्हणले आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. आन् मंग दोन्ही पट्टे सोडले. खांदमळणी झालेल्या बैलाला जुनं दावं कसं ठेवायचं, म्हणले, सकाळी नवं घालू. शेड आमचं दोन्ही बाजूनं उघडं, कारण बंद केलं तर शेपूट बसत न्हाई. त्या दिवसांतला वारा तुम्हाला माहीत हाये.

सकाळी वॉचमनचा फोन, बाई, पंखे फिरून राह्यलेत. मी पोळपाट तसंच टाकून निघाले, मामंजी माझ्या आधीच पोचलेले, हातात रंगीत नवे कासरे, गोंडे, आन् तोंडावर आसा आनंद की काय सांगू. म्हणले, बघ सूनबाई, कसं डोलून राह्यलंय, त्याला कळलंय आज आपला सण हाये. माझ्या तोंडाशी काय काय आल्तं ते इथं सांगायचं न्हाई. मी नुसतं म्हणलं, मामंजी, बाजूला व्हा. पट्टे आवळले. वॉचमन हळूच म्हणला, बाई, आपण तिघंच, कोण सांगतंय. मी म्हणलं, तू तोंड बंद ठेव. आन् माझंबी बंद ठेवायचं ठरवलं, हो, ठरवलं व्हतं, का ठरवू नये? एवढी वर्सं त्यानं मला खाल्लं, आता माझी सुटायची येळ.

दुसऱ्या दिवशी इंजिनेर आला, आन् पायलट म्हणून आली एक पोरगी. माझ्या पोरीएवढीच. दोघांना घरी जेवायला आणलं, तिला आणायला नको व्हतं, कामून आणलं मी तिला? आदल्या दिवशीच्या पुरणाच्या पोळ्या होत्या, तिनं तूप घालून घालून खाल्ल्या, मावशी मावशी करत, भांडी उचलायला लागली. म्हणली, मावशी, मी उतरल्याचा फोन केल्याबिगर माझी आई पाण्याला तोंड लावत न्हाई. आगं, तुला कुणी इचारलं व्हतं? जेव की गपचूप. आन् पलीकडं मामंजी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणून राह्यले, सांभाळून ने बरं, आमच्या घरचं हाये.

मी उठले, इंजिनेरला ओसरीच्या बाहेर बोलावलं आन् सगळं सांगून टाकलं. त्यानं इचारलं, किती येळ फिरले? म्हणलं, मला काय माहीत, रातभर. त्यानं पेन खिशात घातलं. म्हणला, बाई, कदाचित काहीच झालं नसंल, पण इंजिनं खोलल्याबिगर मी सही देणार न्हाई. दोन्ही खोलायची म्हंजे विमानाच्या किमतीपेक्षा जास्तीचा खर्च. पोरगी सांजच्या गाडीनं गेली. गिऱ्हाईकानं नाद सोडला. माणसं म्हणतेत, कौसाबाई लई खरी. मला खरंपणाचं काय घेऊन बसलात, मला त्या पोरीच्या भुकेचा राग हाये, माझ्या जिभेचा राग हाये, आन् त्या रातच्या वाऱ्याचा तर लईच.

तर आता ते उभं हाये. भंगारवाले येतेत, टिचक्या मारून बघतेत, मी हाकलते. तुम्ही म्हणाल, कामून हाकलते, इकून मोकळी हो. तर ऐका. मामंजींना मी काहीच सांगितलेलं न्हाई. हे तुम्ही छापा खुशाल, त्यांना वाचता येत न्हाई, फक्त कुणी वाचून दाखवू नका. त्यांना वाटतं, त्यांनी आवतन दिलं म्हणून ते थांबलं. लेकानं आणलेलं, लेकामागं घर सोडून गेलं न्हाई. रोज सकाळी ओसरीवर बसून मला म्हणतेत, बघ सूनबाई, मुक्यालाबी घर कळतं. माझ्या अंगाची आग आग व्हती, वाटतं आत्ता सगळं ओकून टाकावं, म्हणावं, म्हाताऱ्या, तूच बांधून ठेवलंस मला. आन् मी च्याचा कप त्यांच्या हातात देते, म्हणते, हो मामंजी, कळतं. देव त्यांना शंभर वर्सं देवो. तवर उभं राहू दे त्या मेल्याला.