'जीवदाते' हा शब्द वगळून

रविवार, १ फेब्रुवारी २०२६, कोल्हापूर

गणपतीनंतर इथं एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल आधी माफी. लिहायला बसले की अलीकडे तोच विषय यायचा, म्हणून बसतच नव्हते. आज मंगळवार पेठेतल्या सभागृहात तो बोलून टाकला. बोलले तसं उतरवते, सुधारून नाही.

"आजच्या सभेचे सन्माननीय अध्यक्ष गणपतराव, व्यासपीठावरील मान्यवर, आमच्या आरोग्य निधीच्या अध्यक्षपदावरून आज निरोप घेणारे सत्कारमूर्ती अमरसिंहदादा, निधीला देणगी देणारे आपण सर्वजण, आणि खुर्ची न मिळाल्यामुळे भिंतीला टेकून उभे असलेले शिवाजी पेठेतले माझे बंधू!

निधीची कार्यवाह म्हणून मानपत्र वाचण्याचा मान मला दिलात, आभारी आहे. वाचण्याआधी थोडं बोलू द्या.

घरातलं तरुण लेकरू गंभीर आजारी पडलं की घर आधी दागिन्यांकडे बघतं, मग दारातल्या म्हशीकडे, आणि शेवटी दवाखान्याची वाटच सोडतं. दादांना हे बघवलं नाही. फुटबॉलच्या मॅचला ते मदतीचा डबा घेऊन प्रेक्षकांत फिरले. 'आजच्या वड्याचं पैसं माझ्या आजारी पोरांना द्या की, पावणं!' लोक हसले आणि देत गेले. त्यातून औषधं आली, दवाखान्याजवळ नातेवाइकांना राहायला खोली आली, रक्त द्यायला तालमीतली पोरं धावली. आज या सभागृहात काहीजण हसतखेळत बसले आहेत ते त्या डब्यामुळे. हे खोटं ठरवायला मी उभी नाही. दर भाऊबीजेला मी दादांना ओवाळते.

गेल्या वर्षी एका यंत्रमाग कामगाराची मुलगी आपल्याकडे आली. कॉलेजात शिकणारी. रक्ताचा कर्करोग. तिचं नाव मी घेणार नाही. तुम्ही म्हणाल, आता काय लपवायचं राहिलंय? नेमकं तेच सांगायचं आहे. आणि हे बोलू का, असं तिला विचारूनच आले आहे. 'बोला. नाव सोडून,' म्हणाली.

पहिल्या उपचारात तिचे केस गेले. दादा फळं घेऊन भेटायला आले, मी सोबत होते. दादांनी मोबाइल काढला तशी तिने पटकन ओढणी डोक्यावर घेतली. दादा म्हणाले, 'अगं, आठवण म्हणून. बरी झालीस की दाखवीन, हसशील. कुठं जाणार न्हाय फोटो. भावाचा शब्द हाय.' तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने ओढणी सोडली.

मी सोयीनं आठवतेय का, असं स्वतःला किती वेळा विचारलं. नाही. तिलाही तेच शब्द आठवतात.

या सत्काराचे डिजिटल बोर्ड गेल्या आठवड्यात लागले. त्यातला एक तिच्या गावच्या चौकात. मधोमध तो फोटो, भोवती आपल्या सगळ्यांचे हसरे चेहरे, आणि वर मोठ्या अक्षरात 'जीवदाते'. माझा चेहरा अगदी तिच्या कानाशी आहे.

कॉलेजात तिने कावीळ झाली होती असं सांगितलं होतं. बसस्टॉपवर एक बाई म्हणाली, 'बोर्डावरची टकली तूच न्हवं गं?' ती तशीच घरी परतली. पुढच्या उपचाराची तारीख आली, पण ती दवाखान्यात गेलीच नाही. केस उगवले म्हणजे आजार गेला असं नसतं. उपचार मध्येच सोडले तर तो उलटू शकतो, हे डॉक्टरांनी तिला सांगितलं आहे, घरच्यांना सांगितलं आहे. मी समजवायला गेले. म्हणाली, 'ताई, औषध घेतलं असतं की. पर माझा जीव त्यांच्या सातबाऱ्यावर चढलाय. आता मरायलाबी त्यांनाच इचारायचं व्हय?'

काय म्हणालात, बाळासो? 'सत्कार हाय का पंचनामा?' हसा, हसा. दुसऱ्या कुणाच्या सत्कारात मीही हसले असते.

बोर्ड उतरवा म्हणून मी दादांना फोन केला. 'अगं वर्षा, बोर्ड बघून आणखी चौघं देणगी द्यायला तयार झाल्यात. पुढच्या पोराचं बघ की जरा!' पुढचं पोर खरंच आहे, त्याची औषधंही खरीच आहेत. मग माझंच चुकतंय का? पण त्या पोरालाही कुणीतरी डोक्यावरची टोपी काढायला लावेल, आणि शेजारी उभं राहून कुणीतरी मान हलवेल. ती मान माझी नसेल. दादा, तुम्ही परके असता तर भांडले असते आणि विसरले असते. तुम्ही भाऊ म्हणून शब्द दिलात. आणि तिने तो माझ्याकडे बघून घेतला.

आता मानपत्र वाचते, 'जीवदाते' हा शब्द वगळून. आपण औषध दिलं. जीव तिचाच होता. दादा, उद्या सकाळी त्या चौकात या. बोर्ड तुमच्या हातांनी उतरवा, शिडी मी धरते. मग तिच्या दारात जाऊन माफी मागा. उपचाराला यायचं की नाही, ते तिचं ती ठरवेल.

बाळासो सोडून सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, ऋणी आहे. आनंदाच्या कार्यक्रमात शब्द कमीजास्त झाले असतील तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या. शब्दांपुरतंच. मुद्द्याबद्दल क्षमा मागत नाही. नमस्कार."

मानपत्र वाचलं. टाळ्या तुरळक. दादांनी फेटा उतरवून मांडीवर ठेवला होता. निघताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "लई उंच हाय काय गं बोर्ड?" मी उत्तर द्यायच्या आत लोकांनी त्यांना हार घालायला ओढून नेलं. येतील की नाही, कळत नाही. मी तर त्या चौकात, तिच्या कबनूरला, जाणारच.

उद्या: पिराजी मंडपवाल्याकडून शिडी आणणे.