मागच्या रांगेतला निमाएल

हां, शांतवनमामा, पेटी जरा थांबवा. गाणं झालं, प्रार्थना झाली, आता माझी पाळी. मंडळी, सरकून बसा, बायकांच्या बाजूला ऊन येतंय, तो पडदा ओढा कुणीतरी. आणि लुकासभाऊ! तुम्ही दाराशी कशाला? पुढचा बाक अख्खा मोकळा आहे. नाही येत? बरं, बसा बापडे तिथंच. तुमच्याकडं नंतर येतो.

तर मंडळी, एक सवाल आहे. आपल्याकडं भांडणं कशावरून होतात? बांधावरून. पाण्याच्या पाळीवरून. लग्नात मानाचा टॉवेल मिळाला नाही, यावरून! खरं ना? आता स्वर्गात बघा. बांध नाही, पाणी भरायला रांग नाही, व्याही नाहीत. भूक नाही, दुखणं नाही. आणि तरी सगळ्यात पहिलं भांडण झालं ते तिथंच! कशावरून झालं असेल?

सुलोचनाबाई म्हणतात, गर्वावरून. बरोबर बाई, बक्षीस घेऊन जा! पण मला सांगा, हा गर्व तिथं शिरला कुठल्या दारानं? तेच तर ऐकायचंय.

देवाविरुद्ध उठून स्वर्गातून खाली पडलेल्या दूतांची गोष्ट शास्त्रातली, आपल्या बायबलातली. पण तिच्यात मी एक दूत माझ्या पदरचा घातलाय. पाळकसाहेब समोरच बसलेत म्हणून आधीच कबूल करतो, नाहीतर मागाहून चहाला बोलावून झाडतील मला. त्या दूताचं नाव निमाएल. मीखाएल, गब्रीएल, निमाएल! बारशाला आत्या नाही ना तिथं, मग सगळी नावं एकाच वळणाची.

तर हा निमाएल स्वर्गाच्या गायकांमध्ये होता. कुठं? अगदी शेवटच्या रांगेत. इतका मागं की पुढच्यांच्या पंखांची पिसं त्याच्या नाकात जायची! पण गडी खूश. का? तर त्याला एक काम होतं, आणि ते फक्त त्याचंच होतं.

तिथली गाण्याची रीत ऐका. समोरासमोर दोन बाजू. या बाजूच्या प्रत्येकाला त्या बाजूला एक जोडीदार. जोडीदार म्हणणार, ‘पवित्र, पवित्र—’ आणि थांबणार. मग यानं म्हणायचं, तिसरं ‘पवित्र!’ याचं उत्तर दुसऱ्या कुणी द्यायचं नाही. शेजाऱ्यानं नाही, खुद्द सेनापती मीखाएलनंसुद्धा नाही. निमाएलचा जोडीदार होता बारूएल. आवाज जरा घोगरा, पण माणूस सोन्यासारखा. अहो, माणूस कुठला, दूत! बघा, जिभेला सवय.

आणि प्रत्येकाला पंख किती? सहा! दोन पंखांनी तोंड झाकायचं, दोहोंनी पाय झाकायचे, राहिलेल्या दोहोंनी उडायचं. आपल्या बाया प्रार्थनेला डोक्यावर पदर घेतात, आपण चपला बाहेर काढतो, तसंच ते. देवासमोर उभं राहायची रीत आहे ती. तोंड झाकून गायचं, म्हणजे गाणाऱ्याकडं कुणाचं लक्ष जात नाही. आमच्याकडं उलटं! आमच्याकडं गाणं सुरू व्हायच्या आधी केस विंचरतात. मी कुणाचं नाव घेत नाही. तबलेवाले, तुम्ही खाली का बघताय?

आता या सगळ्या गायकांचा पुढारी कोण? पहाटतारा! तेव्हा त्याला सैतान म्हणत नव्हते बरं. देखणा असा की उजेडानंच त्याच्याकडून उजेड मागावा. त्याची जागा सगळ्यांच्या पुढं, काचेच्या समुद्राच्या काठाशी. सिंहासनासमोर काचेचा समुद्र आहे, ठाऊक आहे ना? स्वच्छ, सपाट, एक लाट नाही.

एक दिवस गाता गाता पहाटताऱ्याच्या तोंडावरचं एक पीस जरा सरकलं. एकच पीस, मंडळी! आणि त्या फटीतून त्याला खाली काचेत काय दिसलं? स्वतःचं तोंड! ‘अरेच्चा! हा कोण इतका देखणा?’ पहिल्या दिवशी ओझरतं बघितलं. दुसऱ्या दिवशी पीस मुद्दाम सरकवलं. तिसऱ्या दिवशी ताल चुकला! आणि मग त्याला जाळत सुटला एकच विचार. मी एवढा सुंदर — आणि बघायला कुणी नाही! सगळ्यांची तोंडं झाकलेली!

हे झालं ते दार. गर्व तिथून आत आला. एका पिसाच्या फटीतून.

मग सुरू झाली कुजबूज. पहाटतारा रांगेरांगेतून हिंडायला लागला. फिरत फिरत आला की मागच्या रांगेत!

‘निमाएल, अरे, काय गोड गळा तुझा! तुला इतक्या मागं कुणी टाकलं रे?’

आता खरं सांगा. कुणी असं विचारलं की आपलं काय होतं? कालपर्यंत जागा चांगली होती. विचारल्या क्षणापासून टोचायला लागते!

‘टाकलं... म्हणजे... इथंच उभा करतात मला,’ निमाएल म्हणाला.

‘करतात? आणि तू उभा राहतोस? सहा पंख आहेत तुला! त्यातले चार झाकाझाकीत फुकट! सहाही उडायला लाव, मग बघ कुठं पोचतोस. सिंहासनाच्याही वर! जरा तो पंख खाली घे आणि काचेत बघ, मागच्या रांगेचंही तोंड दिसतं तिच्यात.’

निमाएलनं बघितलं. आणि काय सांगू, त्यालाही त्याचं तोंड बरं वाटलं! कुणाला नाही वाटत? त्या दिवसापासून गाताना त्याचं अर्धं लक्ष काचेत. बारूएल पलीकडून म्हणायचा, ‘पवित्र, पवित्र—’ आणि याचं उत्तर यायचं उशिरा. कधी नुसतं पुटपुटल्यासारखं. बारूएल आपला तेवढा वेळ थांबायचा. 

शेवटी तो दिवस उगवला. तीनातला एक, इतके दूत फितले होते. सगळे समुद्राच्या काठावर जमले. निमाएलही गेला, चांगली पुढची जागा धरून!  आज इथून उडालो की परत मागच्या रांगेत यायचं नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. परत यायचंच नाही, हे मात्र त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

पहाटतारा ओरडला, ‘झाकणं सोडा! सहाही पंख उघडा! वर!’

आणि हजारो दूतांनी पंख उघडले. आता चूक बघा, मंडळी. ही चूक फक्त त्यांनाच जमण्यासारखी! तोंडावरचे पंख काढले, पण ते पंख तोंडावर होते कशासाठी? समोर सिंहासन! तो उजेड उघड्या डोळ्यांवर पडला आणि सगळ्यांचे डोळे असे दिपले की वर बघवेना! मग बघायचं कुठं? सवयीनं बघितलं काचेत. काचेत काय दिसलं? सिंहासन! त्याच्या भोवती उजेड! आणि सामोरं येणारं आपलं लाडकं तोंड!

‘ते बघा सिंहासन! चला!’ म्हणाला पहाटतारा, आणि मारली उडी — वर नव्हे, सरळ काचेत! त्याच्या मागं सगळे! सहा सहा पंख मारत, सगळा जोर लावून, ‘वर! वर!’ म्हणत लेकाचे निघाले खाली! काच फुटली, आभाळ फाटलं, तरी यांचं आपलं ‘वर! वर!’

मीखाएलनं तलवार उपसली होती, लढाई झाली, ते सगळं शास्त्रात आहे. पण मला वाटतं, त्याची तलवार म्यानातून निघेस्तोवर निम्मं काम या शहाण्यांनीच उरकलं होतं!

आणि आपला निमाएल? काठावर! सहाही पंख उघडे, एक पाऊल पुढं टाकलेलं. आता पडणार! एवढ्यात त्या गोंधळात, त्या किंकाळ्यांत, पलीकडून घोगरा आवाज आला.

‘पवित्र, पवित्र—’

बारूएल! तोंड झाकलेलं. समोर कोण आहे, कोण गेलं, काही दिसत नव्हतं त्याला. तरी आपलं म्हटलं आणि थांबला.

निमाएलला वाटलं, देईल कुणीतरी उत्तर. कोण देणार? ते त्याचं होतं.

पुन्हा आलं, ‘पवित्र, पवित्र—’ आता आवाज कापत होता. बारूएल घाबरला होता हो! आपला जोडीदार गेला की काय, म्हणून घाबरला होता. आणि ते ऐकून निमाएलच्या ध्यानात आलं. आपण नसलो तर या बिचाऱ्याचं गाणं जन्मभर अर्धं राहणार!

तिसऱ्यांदा हाक आली, आणि निमाएलच्या तोंडून निघून गेलं, ‘पवित्र!’

तो शब्द निघाला की पंख आपसूक जागेवर जायचे, एवढी जुनी सवय. दोन तोंडावर आले. दोन पायांवर आले. काच दिसेनाशी झाली, ते लाडकं तोंडही दिसेनासं झालं. राहिले दोन पंख. तेवढ्यानं मागच्या रांगेपर्यंत जाता येतं, मंडळी. तेवढंच लागतं.

पिसं गाळत, रडत तो जागेवर येऊन उभा राहिला. म्हणाला, ‘बारूएल, मला फार उशीर झाला रे.’

बारूएल म्हणाला, ‘आलास ना.’

बस. एवढंच बोलणं झालं.

पण तीनातला एक गेला, म्हणजे तेवढ्यांचे जोडीदार उरले की नाही? ते अजून हाक मारून थांबतात. जुनी मंडळी म्हणायची, त्या मोकळ्या जागा देवानं आपल्यासाठी ठेवल्यात. आपल्यासाठी! या बाकांवरच्या आपल्यासाठी! तिथं कुणीतरी ‘पवित्र, पवित्र’ म्हणून आपली वाट बघतंय. आणि आपण इथं काय करतोय?

आता येतो दाराकडं. लुकासभाऊ, उठू नका, चपला घालू नका! वीस वर्षं या देवळात पहिली ओळ शांतवनमामांची आणि दुसरी तुमची. मग नाताळात पुढं कोण उभं राहणार, यावरून तुम्हा दोघांचं वाजलं. तेव्हापासून तुमची ओळ आम्ही सगळे मिळून म्हणतो, आणि ती किती बेसूर होते ते पाळकसाहेबांच्या तोंडाकडं बघितलं की कळतं! आणि मामा, तुम्हीही काही कमी नाही. ओळ संपली की थांबतच नाही तुम्ही. लगेच पुढचा सूर धरता, उत्तर आलं नाही हे कुणाला कळू नये म्हणून.

आज थांबायचं. मामा, पेटी घ्या. पहिली ओळ म्हणा आणि हात काढून घ्या. बाकी कुणी तोंड उघडायचं नाही! सुलोचनाबाई, तुम्हीसुद्धा नाही! नाही आलं उत्तर तर मामा पुन्हा म्हणतील. मग पुन्हा म्हणतील. चहा निवला तर निवू दे.

हां मामा, धरा सूर. आम्ही बसलोय.